आखाजीच्या आत लेथ बाहेर

२ एप्रिल, बुधवार. सकाळी.
नूतन, तारीख घातलीस? घाल. ही वही माझी, कोणी वाचायची नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे एकदम सेफ. लिहिते सून. पण सून माझ्या बाजूची आहे.

हितेंद्र, माझा मुलगा, पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेला शहाणा माणूस, काल धुळ्याहून टेम्पोत लोखंड घालून आला. लेथ मशीन म्हणे, लोखंड-पितळ कातायचं. दिसायला बकरीएवढं, उचलायला चार माणसं. वय माझ्याहून जरा कमी. ठेवलं कुठे? मागच्या पडवीत. जळगावात मेहरूणच्या या घरात राहायला आल्यापासून शेवया, कुरडया, बिबडे मी त्याच पडवीत करते.

अकरा मेला नात सुलक्षणाचं लग्न. रुखवतात शेवया माझ्या हातच्या, माझ्या मशीनवरच्या. शिंदखेड्याच्या विहीणबाई लताबाई, त्यांना फोनवर शब्द दिलाय.
ठराव: आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत लेथ बाहेर. अठ्ठावीस दिवस आहेत. मला आठ पुरतील.

४ एप्रिल
विचारलं, एवढं जुनं कशाला घेतलंस? चूक झाली. तासभर बोलला. म्हणे अक्का, हे बिडाचं आहे, जड आहे, म्हणून थरथरत नाही. नवी छोटी मशीनं हलकी, डबा वाजल्यासारखी वाजतात. हे टेबलावर मावतं, घरच्या लाईटीवर चालतं. आणि याचा पार्ट तुटला तर तो याच्यावरच बनवता येतो.
म्हटलं, म्हणजे हे कमावणार स्वतःसाठी आणि खाणार पण स्वतःच. तुझ्या काकासारखं.
हसला. शरम नाही.

९ एप्रिल
अबोला धरला. पूर्ण दिवस. संध्याकाळी चहा पिताना नूतनला म्हणाला, आज घरात किती शांत होतं, मशीनचा आवाज नीट ऐकू आला.
अबोला सोडला. माझ्या तब्येतीला सोसत नाही.

१३ एप्रिल, रविवार
हितेंद्रचा मित्र, धुळ्याचा प्रेमराज आला. त्याच्याकडेही असलंच एक आहे. दोघं टेबलाभोवती असे बसले, जसे मुलगी बघायला आलेत. एकाने चाक फिरवलं, दुसऱ्याने मान डोलावली. मग उलट. चार वेळा चहा. प्रेमराजभाऊला विचारलं, तुमच्या मशीनवर तुम्ही काय काय बनवलं? म्हणाला, अक्का, गेल्या वर्षी तिचाच एक हँडल बनवला, यंदा तिचा बेल्ट ताणायचा खटका. आणि विकायला काय बनवता? त्याने चहाचा कप पुढे केला. हितेंद्र खाली बघत फडक्याने तेल पुसत होता. माझ्या मुलाने फडकं हातात धरलेलं मी एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा बघितलं. नूतननेही.
आठ दिवस होऊन गेले. हरकत नाही, पहिले आठ मी धरलेच नव्हते.

१७ एप्रिल
माझं शेवयाचं मशीन माळ्यावरून काढलं. पितळी. यांनी, म्हणजे सुलक्षणाच्या आजोबांनी, माझ्या लग्नाच्या वर्षी पारोळ्याच्या बाजारातून खांद्यावर आणलेलं. ट्रायल घेतली. शेवया आल्या दोरखंडासारख्या, त्यापण तुटक. गहू खराब. पाणी खराब. नूतनने पीठ सैल भिजवलं, लिही. लिहिलंस? हसू नको.
हितेंद्र आला, दांडा फिरवून बघितला. म्हणे, अक्का, आतला आट्याचा दांडा झिजलाय, जाळीची भोकं रुंदावलीत, मी नवं करून देतो. मापं घेतली, कागदावर रेघोट्या मारल्या. मी ठणकावलं, त्या भंगारावर माझं मशीन चढवायचं नाही.
नूतन म्हणाली, मग नवीन इलेक्ट्रिकचं आणू. म्हटलं, नव्यात ती गोष्ट नाही. हलकं असतं.
माझं मशीन जुनं नाही. मुरलेलं आहे. लुगड्यात गुंडाळून परत माळ्यावर ठेवायला लावलं.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपारी.
प्लॅन फत्ते! हितेंद्र सकाळीच प्रेमराजकडे धुळ्याला गेला. टेबलाखाली एक गोणी दिसली. बाहेरून चाचपली. एक गोल, एक लांब, आटे पाडलेलं, जड. लेथचेच पार्ट. ते गेले की लेथ लंगडा. गल्लीत भंगारवाला ओरडत होताच. नूतन म्हणत होती, अक्का, थांबा, त्यांना फोन करून विचारू. म्हटलं, तू फक्त लिहीत जा. गोणी दिली, निळा प्लास्टिकचा टब घेतला. टब मोठा आहे. आखाजीला आंब्याचा रस त्यात.
मी ठरवलं होतंच की.

२३ एप्रिल
लेथ चालू आहे. लेथच्या सुट्या चाकांची पिशवी हितेंद्र प्रेमराजला दाखवायला धुळ्याला घेऊन गेला होता.
गोणीत माझं होतं. माझ्याच मशीनचा दांडा आणि जाळी. हितेंद्रने मला न सांगता माळ्यावरून काढून खोललं होतं. लग्नाआधी नवं बसवून मला चकित करायचं होतं. लुगड्यात नुसतं कवच.
हितेंद्र ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. टू-व्हीलर काढून भंगारवाल्याचं गोडाऊन शोधत गेला. अंधार पडल्यावर आला. माल सकाळीच ट्रकात भरून गेला म्हणे.
चूक त्याचीच. आईच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नसतो.
जेवले नाही. भूक नव्हती. आज एवढंच लिही.

२५ एप्रिल
लताबाईंचा फोन. शेवया कुठवर आल्या? म्हटलं, वाळताहेत. नूतन माझ्याकडे बघत राहिली. हे लिहू नको. लिहिलंस? खोड.
तसं बघायला गेलं तर रुखवतात शेवया हव्यातच असं काही नाही. मी कधी म्हटलं?

२७ एप्रिल, रविवार
हितेंद्रला म्हटलं, तुझं ते रिकामंच बसलंय, त्यालाही जरा काम लागलं तर बरं. मी मागितलं नाही. सुचवलं.
माझ्या मशीनच्या मापांचा तो रेघोट्यांचा कागद भिंतीवर चिकटवून बसलाय. पितळ सोनेरी केसांसारखं सुटत होतं. मी खुर्ची टाकून बसले, नुसतं लक्ष ठेवायला. तेलाची बुधली माझ्या हातात होती कारण तो भसाभसा ओततो. थेंब थेंब टाकायचं असतं. प्रेमराज फोनवर काहीतरी सांगत होता, त्यालाही मी सुधारलं.

३० एप्रिल, आखाजी
घागर पुजली, पुरणपोळी झाली. लेथ बाहेर काढायचा आज शेवटचा दिवस. रस निळ्या टबात करू दिला नाही. तो टब माझ्या डोळ्यांसमोर नको.
संध्याकाळी नवा दांडा, नवी जाळी बसली. मीच फिरवलं. शेवई अशी आली, सुईत ओवता येईल. यांच्या वेळेला इतकी बारीक आली नव्हती. हितेंद्र विचारतो, कशी आहे अक्का? म्हटलं, बरी आहे. मग आत जाऊन बसले थोडा वेळ. डोळ्यात तेल गेलं होतं.

१२ मे
लग्न झालं. सुलक्षणा गेली. रुखवतापाशी लताबाई शेवया बघून म्हणाल्या, अक्का, कसाले इतला तरास? आमना घरमा बठ्ठं रेडीमेड येस. सगळं विकतचं म्हणे! चव घेतली नाही. व्याही मात्र आज घरी आले ते थेट पडवीत गेले, लेथपाशी अर्धा तास. उठताना विचारतात, असा अजून एक कुठे मिळेल?

१५ मे
प्रेमराजने त्याचं मशीनही आमच्याकडे आणून ठेवलं. त्याच्या सुनेने घराबाहेर काढलं. कशी माणसं असतात! पडवीत जागा नव्हती, म्हणून तिथली माझी खाट हॉलमध्ये आली. तात्पुरती. शेवयाच्या मशीनचा दांडा पुन्हा झिजला तर जळगावात दुसरं कोण करून देणार, म्हणून मीच म्हटलं, राहू दे.
दुपारी भंगारवाला आला. दारातच विचारलं, अक्का, जुनं-पुराणं काही आहे का?
मी पडवीच्या दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, पुढे जा बाबा. आमच्या घरात जुनं काही नाही.