मिचीएच्या सोनेरी क्रौंचांबाबत

मी, मित्सुए ओनिशी, वय एकोणऐंशी, राहणार हानापेपे, काउआई बेट, हवाई. डोकं ठिकाणावर आहे, हात मात्र कापायला लागलेत, म्हणून माझ्या मागे काय करायचं ते आजच लिहून ठेवते. कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. मला सांगायच्या भानगडीत कोणी पडतही नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या नणंदेची मुलगी हारुए हिला मिळावी. परसातला आंबा शेजारच्या अगबायानींच्या अंगणात झुकलाय. तिकडे पडतील ते आंबे त्यांचे. यावरून माझे यजमान हयातभर भांडले. मला आता कशाचंच काही वाटत नाही.

२. माझे सगळे रंगीत कागद, घड्या दाबायची पट्टी आणि वाचनालयातला शनिवारचा मुलांचा वर्ग, हेही हारुएला. या बेटांवरचे नामशेष झालेले पक्षी तिथे कागदाचे करायचे. ओओ पक्षी काळ्या कागदाचा, मांड्या पिवळ्या.

हारुए मुलांना सांगते, "ओओ लांब उडून गेला हं, बाळांनो." मी विचारलं, "कुठे गं गेला?" तर म्हणते, "मामी, पोरं रडतात हो!" रडू देत. मेला म्हणावं. शेवटच्या नराचं ध्वनिमुद्रण ऐकवावं. तो गाता गाता थांबतो, पुढची ओळ मादीने म्हणावी म्हणून. तिथे हारुएने मध्येच बडबडू नये. ही अट जमत नसेल तर वर्ग बंद करावा.

३. भिंतीवरची चौकट. आम्हा इथल्या जपान्यांत मुलीच्या लग्नासाठी हजार आणि वर एक असे सोनेरी कागदाचे क्रौंच करतात आणि घराण्याचं चिन्ह उमटेल असे काचेमागे चिकटवतात. माझी एकुलती एक मिचीए आपल्या लग्नाचे क्रौंच करत होती. ते अर्धवट असतानाच ती समुद्रात बुडून मेली. मी रडले नाही. अजूनही रडू येत नाही. आत काही हलतच नाही.

वर्षश्राद्धाला वन्संनी, म्हणजे हारुएच्या आईने, उरलेले क्रौंच स्वतः करून चौकट पुरी करून आणली. "वहिनी, अर्धवट ठेवलं तर पोरीचा जीव अडकेल हो." सगळे म्हणाले, काय सुरेख झालंय! मी चहा टाकला. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक नवा माणूस ती पाहून विचारतो, "अरे वा, लेकीचं लग्न कधी झालं?" मी विषय बदलते.

तरी माझ्यामागे काच उघडावी. वन्संचे क्रौंच लगेच ओळखू येतात, त्यांची चोच नेहमी जाड होते. ते हलक्या हाताने सोडवून त्यांना मानाने परत द्यावेत. माझा राग नाही, त्यांनी मायेनेच केलं. पण त्या जागी दुसरं काही चिकटवू नये. चौकट वर्गात लावावी. एखाद्या पोराने बोट दाखवून विचारलंच, तर हारुएने सांगावं: इथपर्यंत मिचीएने केले, मग ती मेली.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. बदल नाही.

सही: मित्सुए ओनिशी

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही केली:
रोलांडो अगबायानी, शेजारी
बर्निस काआउवाई, वाचनालय

हानापेपे, १४ ऑक्टोबर २०२३