आबांची झोप

३ फेब्रुवारी
काल आईचं तेरावं झालं. धाकटी बहीण सारिका आज पुण्याला परत गेली. जाताना आबांच्या हातात झोपेच्या गोळ्यांची बाटली ठेवली — चघळायच्या, गोड. "आबा, औषध नाही हे. नैसर्गिक आहे." आबांनी बाटली कपाळाला लावली. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनपासून, नऊ वर्षं, रक्त पातळ ठेवायची गोळी मी रोज त्यांच्या हातावर ठेवतो. ती कधी कपाळाला लावली नाही.

४ फेब्रुवारी
तळेगावातून झोपेचं चूर्ण आणलं. दुकानदार म्हणाला, "झाडपाला आहे, बिनधास्त द्या." आई आबांना झोपताना जायफळ घालून दूध द्यायची. तसंच केलं, त्यात चमचाभर चूर्ण. आबांना सांगितलं नाही. आधी गुण येऊ दे.

७ फेब्रुवारी
आबा सात वाजेपर्यंत गाढ झोपले! दुपारी शेजारची अंबूबाई बसायला आली.
"झोप लागती का, भाऊ?"
"लागती की. सारिकानं गोळ्या दिल्यात."
"लेकच ती. पोरग्यांना काय कळतंय?"
मी तिच्यासमोरचा कप उचलून आत गेलो. धुतला, आणि धुतलेलाच परत धुतला.

८ फेब्रुवारी
दोन चमचे.

१३ फेब्रुवारी
सकाळी आबांच्या हिरड्यांतून रक्त आलं. दंडावर निळे डाग, कुठे आपटले नसताना. लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत रक्त प्रमाणाबाहेर पातळ. "झोपेसाठी काही सुरू केलंय? नैसर्गिक असो नाहीतर काही असो, या गोळीबरोबर मला विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही."
"बहिणीने गोळ्या दिल्यात," मी म्हणालो. चूर्णाचं ओठावर आलं होतं. बोललो नाही.
घरी येऊन सारिकाला फोन केला. "दादा, माझ्यामुळे?" म्हणून रडायला लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.
आज दूध नुसतंच दिलं. उगाच शंका नको.

१४ फेब्रुवारी
बाटली फेकून द्यावी म्हणून आबांची ट्रंक उघडली. आईच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. सील तसंच.
आबा खाटेवरून म्हणाले, "लेकीचं मन राखलं रं. मला तुझं दूध पुरतंय. काल मातूर तसं नव्हतं."
डॉक्टरांना फोन करून चूर्णाचं सांगितलं. सारिकाला अजून करायचा आहे.