भूपेशच्या आवाजातली खर

मी, विनिता भूपेश राऊत, वय सदुसष्ट, निवृत्त ध्वनिसंकलक, राहणार माणिकपूर, वसई रोड, आज पूर्ण शुद्धीत, कोणाचाही धाक किंवा आग्रह नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे आणि ते फार काळ साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला मात्र मिळाला नाही. वरच्या पट्टीतले आवाज मला आता येत नाहीत. ज्या कानांवर मी पोट भरले ते माझ्याआधी गेले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे आणलाच तर तो रद्द समजावा.

ॲड. तेजस्वी नाईक यांनी मला एक मसुदा करून दिला होता. त्यात कायद्याची एकही चूक नव्हती, पण तो कोणाही बाईचा असता तरी चालला असता. म्हणून मी हा दुसरा लिहिला आणि त्यांनी तो तपासला. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

१. माणिकपूरची सदनिका माझ्या पगारातून घेतलेली असून ती माझ्या एकट्या नावावर आहे. ती माझी मुलगी निधी हिला मिळावी. बँकेतील ठेवी, माझे दागिने आणि सासूबाई भागूबाई यांनी मला घातलेली मोहनमाळ हेही तिचेच. मोहनमाळ तिने मोडू नये असे मला वाटते, पण मोडली तर माझी हरकत नाही. सासूबाईंची असती.

२. निर्मळ येथील वाडीत माझे पती भूपेश यांच्या वाट्याची जी जमीन माझ्याकडे आली, तीही निधीची. मात्र माझे दीर कल्पेश रामनाथ राऊत यांनी ती आजवर कसली, केळी लावली, विहीर उपसून घेतली. त्यांच्या हयातीत ती त्यांच्याकडून काढून घेऊ नये व बिल्डरला विकू नये. कल्पेश भावोजी माझ्याशी गेली काही वर्षे बोलत नाहीत. त्याचा जमिनीशी संबंध नाही. कशाशी आहे ते पुढे येईल.

३. इथून पुढे मी भूपेशचा उल्लेख एकेरीत करणार आहे. तेजस्वी म्हणाल्या, दस्तऐवजात 'ते' लिहितात. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणत असे. त्यांच्या माघारी तो 'तू' होता आणि आता तो जाऊनही काही वर्षे झाली.

मी दादरच्या एका स्टुडिओत मदतनीस असताना निर्मळच्या देवळातले भजनी मंडळ कॅसेट करायला आले होते. भूपेश मुख्य गायक. मी काचेपलीकडे हेडफोन लावून बसले होते आणि त्यांना पुन्हा पुन्हा थांबवत होते, कारण पेटीचा भाता कुरकुरत होता. मंडळी वैतागली. मधल्या सुट्टीत भूपेश माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, गानं कसं वाटलं ते सांगा की."

त्या नोकरीत मला तोवर हे कोणी विचारले नव्हते. मी म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात भाता वाजतोय." तो हसला. पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले. माझे वडील म्हणाले होते, रेशनकार्डावर मुंबईचा पत्ता असलेली मुलगी केळीच्या वाडीत कशी राहील. मी राहिले, आणि त्यांनी सांगितलेल्या बहुतेक अडचणी खऱ्या निघाल्या.

४. आता हेडफोन. ते दोन आहेत आणि त्यांच्यावरून आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे पैशांवरूनही झाले नाहीत.

पहिला परदेशी बनावटीचा, मागच्या बाजूला जाळी असलेला. निवृत्त झाल्यावर फंडातून घेतला. त्याच्यात स्वतःची अशी चव नाही. ध्वनिमुद्रणात जे आहे तेच तो कानात घालतो. गायिकेचे ओठ उघडताना होणारा आवाज, दोन तुकडे जिथे जोडले ती जागा, तबलजीने मांडी बदलली ते, सगळे. मला त्यातच आनंद होता. लोकांना वाटते अचूकपणा कोरडा असतो. माझ्यासाठी गाणारी व्यक्ती त्या खोलीत येऊन बसायची.

दुसरा मार्सेल तुस्कानो याने बनवलेला. मार्सेल सांडोरचा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, माणिकपूरला त्याचे स्पीकर दुरुस्तीचे दुकान आहे. हेडफोनच्या वाट्या फणसाच्या लाकडाच्या, आतले भाग मागवलेले, आणि आवाज त्याने आत लोकर भरून स्वतःला आवडेल असा जमवलेला. खालचे सूर भरदार, वरचे घासून गुळगुळीत केलेले. वाईट मुद्रणही त्यात गोड लागते. भूपेशला तो फार आवडला. मी म्हणायचे, याला गूळ लावलाय. मार्सेल म्हणायचा, "वहिनी, माणूस दमून घरी येतो तो तपासणी करायला नाही."

भूपेशने माझा हेडफोन एकदाच लावला. आवडत्या गायकाची जुनी तबकडी ऐकली, अर्ध्यात काढून ठेवला आणि म्हणाला, "यात बुवांचं वय कळतं. गानं कळत नाय." त्यानंतर रविवारी निर्मळच्या घराच्या ओट्यावर आमची मैफल बसायची. एकच गाणे दोन्ही हेडफोनवर, मार्सेल आणि तो एका बाजूला, मी दुसऱ्या. निधी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणायची, तुम्हाला गाण्यापेक्षा भांडणच आवडतं. ते दिवस चांगले होते.

५. सासरे रामनाथ यांनी केलेली एक गौळण भूपेशला येत होती. तिची चाल दुसऱ्या कोणालाच पूर्ण येत नव्हती, म्हणून मी घरीच ती मुद्रित करायची ठरवली. गणपती होऊन गेले होते. खिडक्यांना गोधड्या लावल्या. भूपेश एका बैठकीत, न थांबता, फार सुंदर गायला. कल्पेश भावोजी दाराशी उभे राहून ऐकत होते आणि डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी मी ते माझ्या हेडफोनवर तपासायला घेतले. अंतऱ्यात वरच्या षड्जावर तो थांबतो, तिथे आवाजाच्या कडेला बारीकशी खर होती, घासल्यासारखी. फक्त त्या एका स्वरावर. मार्सेलच्या हेडफोनवर ती नव्हतीच. मी मार्सेलला बोलावले. त्याने दोन्हींवर ऐकले आणि म्हणाला, वयाप्रमाणे आवाज जाड होणारच. मग मी जुन्या कॅसेटी काढल्या, त्याच पट्टीतले, त्याच स्वरावरचे तुकडे ऐकले. कशातही ती नव्हती.

मी भूपेशला म्हणाले, घसा दाखवून येऊ. तो नको म्हणाला. मी हट्ट धरला. वसईतल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवले. गाठ लहान होती, पण अशा जागी, की स्वरयंत्र काढल्याशिवाय इलाज नाही, असे तिथे सांगितले. आणखी एकांचे मत घेतले, तेही तेच. संमतीच्या कागदावर भूपेशने स्वतः सही केली. सही करण्यापूर्वी तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "मला तू पाहिजेस." एवढेच म्हणाले.

६. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. हा शब्द हॉस्पिटलच्या कागदावर आहे.

भूपेशच्या गळ्याला छिद्र होते, त्यावर तो पांढरा रुमाल बांधायचा. गळ्याला टेकवून बोलायचे एक यंत्र मिळाले होते. त्यातून सगळे शब्द एकाच सुरात येतात. ते त्याने एकदाच वापरले, निधीला फोन करायला. पलीकडून तिने विचारले, कोण बोलतंय. त्याने यंत्र कपाटात ठेवले आणि पाटी आणली. पाटीवरही तो 'गानं' आणि 'पानी' असेच लिहायचा. लग्न झाल्यावर मी त्याचे ण सुधारायला जायचे. पाटीवरचा एकही सुधारला नाही.

काही आठवडे तो देवळात भजनाला जाऊन झांजा वाजवत बसला. मग जाणे बंद केले. वाडीतल्या माणसांना टाळ्या वाजवून बोलवायचा. संध्याकाळी ओट्यावर मार्सेलचा हेडफोन लावून डोळे मिटून बसायचा. स्वतःची गौळण कधी लावली नाही. माझ्या हेडफोनला हात लावला नाही. माझ्यावर तो रागावलेला नव्हता. जेवायला हाक मारली की यायचा, माझ्या पायाला तेल लावून द्यायचा. पण ज्या घरात पहाटेपासून कोणीतरी गुणगुणत असे, तिथे आता फक्त मी बोलत होते आणि माझाच आवाज मला नकोसा झाला होता.

अशाच एका दिवशी देवळाच्या पायरीवर कल्पेश भावोजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही ऐकलं नसतं तर दादा गात गात गेला असता." त्यांनी हे ओरडून म्हटले नाही. चपला घालता घालता म्हटले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मीही त्यांच्याशी बोलले नाही.

७. त्या गौळणीचे मूळ मुद्रण निधीला द्यावे. पुतण्या विघ्नेश हुशार आहे आणि त्याने चांगल्या हेतूने मला सांगितले होते की संगणकावर ती खर काढता येते, मग देवळात लावता येईल. तसे करू नये. देवळात लावायचे तर आहे तसे लावावे. ती खर भूपेशची आहे. ती काढून उरेल तो कोणाचा आवाज असेल हे मला ठाऊक नाही.

मार्सेलने बनवलेला हेडफोन निधीला. ती बाबांना त्याच्यावरच ऐकू शकते आणि तिने तसेच ऐकावे. मार्सेलला मी काही ठेवत नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये असा तेजस्वींचा सल्ला आहे. काही हवे की साक्षीदार होशील, असे त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, मी साक्षीदार होईन.

८. माझा स्वतःचा हेडफोन कल्पेश रामनाथ राऊत यांना मिळावा. यात टोमणा नाही. आता जे लिहिते ते त्यांना वाचून दाखवावे, कारण ते मी कोणालाही सांगितलेले नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी दुखणे फुप्फुसात उतरले. शेवटच्या दिवसांत एका दुपारी भूपेशने मला खुणेने माझा हेडफोन मागितला. मला वाटले चुकून मागतो आहे. मी दुसरा दिला. त्याने मान हलवली. मग जाळीचा दिला आणि काय लावू विचारले. त्याने पाटीवर वडिलांचे नाव लिहिले. मी गौळण लावली.

तो पूर्ण ऐकत होता. मला बाहेर जाळीतून बारीक ऐकू येत होते. वरच्या षड्जावर त्याने बोट वर केले, बरोबर तिथे. गौळण संपल्यावर त्याने हेडफोन काढला आणि लिहिले, "खर हाय." मी म्हणाले, हो, आहे. त्याने ते पुसले आणि हळूहळू, मध्ये थांबत, लिहिले:

"माला आधीच ठावूक होतं. गाताना अडकायचं. बोललो असतो तर गानं बंद झालं असतं."

मी ते वाचले. भावोजी, तुम्ही पायरीवर जे म्हणालात ते त्याला हवे होते. त्याने मनाशी तसे ठरवलेही होते आणि मी मध्ये आले. त्याला थांबवणारा आजार नव्हता, मी होते.

मी त्याला विचारले, "मग मी ऐकलं ते चुकलं का रे?"

त्याने पाटी पुसली. खडू हातात घेतला. मग लिहिले, "पानी."

मी पाणी आणले. चमच्याने पाजले. तोवर त्याला ग्लानी आली होती. नंतरच्या दिवसांत तो फारसा जागा नव्हता आणि मी पुन्हा विचारले नाही.

भावोजी, तुम्ही खोटे बोलला नव्हतात. मलाही आता तुमच्याशी भांडायचे नाही. पण तो गेला त्याआधी काही पावसाळे, रोज दुपारी, तो माझ्यासमोर ताटावर बसून जेवला. मुका बसून जेवला. ते दिवस त्याने मला दिले की मी त्याच्याकडून घेतले, हे मला अजून कळलेले नाही. मला ते हवे होते. तो स्वर आज पुन्हा माझ्या कानावर पडला, तर मी आजही त्याला डॉक्टरकडे नेईन.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो माझाच आहे. माझ्यानंतर तो अमलात यावा.

ठिकाण : माणिकपूर, वसई
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

(सही)
विनिता भूपेश राऊत

विनिता राऊत यांनी वरील सही आम्हा दोघांसमक्ष केली. सही करताना त्या शुद्धीत होत्या. त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर आम्ही खाली सह्या केल्या आहेत.

साक्षीदार :
१. (सही) मार्सेल तुस्कानो, राहणार सांडोर, वसई
२. (सही) डॉ. सॅन्टन लोपीस, राहणार माणिकपूर, वसई