जावेनं ओढलेलं स्टूल

शनिवार, संध्याकाळ. जरीपटका.

लिही वं पोरी, आजी सांगते तसंच लिही. सुधारू नको.

मागच्या महिन्यात गावी, भिवापूरले, मिरचीचे देठ खुडताना मोठ्या जावेनं माझ्याखालचं स्टूल ओढून घेतलं. म्हणे, "खाली बस वं, गुडघ्याचं सोंग करू नको." साऱ्या बाया हसल्या. ते स्टूल काही डोक्यातून जात नाही.

आज डॉक्टरनं मशीनमधला फोटो दाखवला. हाडावरची गादी पार झिजली. तरण्या माणसाच्या गुडघ्यात म्हणे डॉक्टर नवी गादी वाढवतात, अन् ती भरली का नाही ते पुन्हा फोटो काढून पाहतात. मले मात्र म्हणे, "आजी, तुमच्या वयात सांधाच बदलावा लागते." मले रडू यायले पाहिजे होतं ना? मी तर खूश. पुरावा भेटला!

घरी येऊन जावेले फोन लावला. ती हळूच म्हणे, "माझाही गुडघा दुखून राहिला वं. कोणता डॉक्टर?"

म्हटलं, "सोंग नका करू, बाई."

मग सांगितलं, नाव पाहिजे तर ते स्टूल घेऊन या, एसटीत मांडीवर धरून. पाप लागंल का मले? लागू दे. आल्यावर स्टुलावर मीच बसणार.

लिहिलं? 'मीच'खाली रेघ मार.