वरचा बल्ब आणि कंपनीचा नियम

२ डिसेंबर, सोमवार

मी धोका आहे! तसं यादीत लिहिलंय!

सुट्टीच्या मेळाव्याची बैठक होती, टेलरबाईंच्या दुकानात. गेल्या वर्षी मांडवाचा खांब एकाच्या पायावर पडला, तेव्हापासून पालिका म्हणते, विमा नसेल तर रस्ता बंद करून मिळणार नाही. आमची सूनबाई विम्याच्या ऑफिसात कामाला, म्हणून हे लोढणं तिच्याच गळ्यात पडलं. तिने धोक्यांची यादी वाचून दाखवली. लाऊडस्पीकर — पडू शकतो. शेगडी — भडकू शकते. लहान मुलं — हरवू शकतात. आणि मग, मान वर न करता — "पासष्टच्या पुढच्या कोणी शिडीवर चढायचं नाही. कंपनीचा नियम आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पासष्टच्या पुढची आणि शिडीवर चढणारी गल्लीत एकच!

चौकातल्या खांबावरची दिव्यांची माळ यांनी केलेली. जुनी पद्धत — एक बल्ब नसला की सगळी माळ अंधारात. म्हणून सगळ्यात वरचा बल्ब शेवटी बसवायचा. तो बसला की अख्खी गल्ली एकदम उजळते आणि पोरं किंचाळतात. हे होते तोवर हे चढायचे. हे गेले त्या वर्षी लोक म्हणाले, काकू, यंदा राहू द्या. मी चपला काढल्या आणि चढले. वर गेलं की यांच्या हातची चिकटपट्टी दिसते, तारेभोवती गुंडाळलेली, टोक नीट दाबलेलं. वर्षातून एकदाच दिसते. ती मी सोडू? कुठल्या कंपनीच्या सांगण्यावरून?

३ डिसेंबर

सूनबाईशी अबोला. चहा तिनेच केला, मी प्यायले, पण बोलले नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

घरातली शिडी काढली. माळ्यावरचं मोठं पातेलं खाली आणलं, पुसलं, परत वर ठेवलं. काही गरज नव्हती. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. मनात म्हटलं, बघ, डोळे भरून बघ!

दुपारी भाजी चिरताना पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. गेल्या महिन्यात आली होती तशीच. तेव्हा तर ओट्यापाशी खालीच बसले होते. सूनबाई धावत आली — "आई, काय झालं?" म्हटलं, काही नाही, खालचा डबा शोधतेय. कुठला डबा, ते तिने विचारलं नाही.

आजचंही कोणाला सांगायचं नाही. झोप झाली नसेल, दुसरं काय!

९ डिसेंबर

गल्ली पेटली आहे! आमचे अध्यक्ष — सगळे त्यांना भोंगा म्हणतात, बोलले की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातं — चौकात उभे राहून ओरडले, "आजी नाही तर माळ नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेलरबाईंनी सूनबाईचे कपडे न शिवताच परत पाठवले. वेळ नाही म्हणे. किराणावाल्याने तिला तोंडावर विचारलं, "स्वतःच्या सासूला यादीत घालताना काहीच वाटलं नाही का?"

ती काय म्हणाली माहीत आहे? "नियम आहे. माझ्या हातात नाही."

मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? वाटलं. जिरली म्हटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

चिरंजीव समजूत घालायला आले. "आई, जाऊ दे ना, बल्बच तर आहे." बल्बच तर आहे! बापाने जन्मभर तारा ओढल्या, त्याचा हा मुलगा! बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास म्हटलं. तो हसला. त्याला हसताना बघून मला अजून राग आला.

रात्रीची भांडी आवरताना सूनबाई आपणहून बोलली. "माझ्यावर रागवा आई, कितीही रागवा. पण शिडीवर नको."

मी ताट जरा जोरातच ठेवलं. कंपनीची एवढी काळजी! पगार देते ना कंपनी! तिला म्हटलं, "बघूच कोण अडवतं." अबोला तेवढ्यापुरता मोडला, पुन्हा चालू.

१९ डिसेंबर, गुरुवार

चौकात चक्कर मारून आले. सूनबाई ऑफिसातून परस्पर तिथेच होती. लाऊडस्पीकर खाली उतरवून भिंतीला बांधलेत. शेगड्यांशेजारी वाळूच्या बादल्या. खांबाभोवती दोरी लावून घेतली आहे, म्हणजे शिडीखाली पोरं घुसायला नकोत. वर चढणाऱ्यासाठी कमरेचा पट्टा आणलाय. आणि आता बल्ब बसवताना माळेचं बटण बंद ठेवायचं, माणूस खाली उतरला की चालू करायचं. म्हटलं, मग गंमत काय राहिली? पण यांना एकदा वर असताना झटका बसला होता, तो आठवला.

पोरगी एकटीच दोऱ्या ओढत होती. कोणी हात लावत नव्हतं. भोंगा समोर उभा राहून नुसता चहा पीत होता.

काम नीट करते. गाठ मारली की दोनदा ओढून बघते, अगदी यांच्यासारखी. पण ते तिला मी कशाला सांगू?

२० डिसेंबर

आज पुन्हा अंधारी. न्हाणीत. नळ धरून उभी राहिले, गेली. वरच्या बल्बाला हात लागेपर्यंत मी कुठेही पडणार नाही! पुढचं पुढे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

उद्या मेळावा. सकाळी कंपनीचे साहेब पाहणीला येणार आहेत. आता गाठ माझ्याशी! काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. "साहेब, तुमच्या जन्माआधीपासून ही माळ लागते आहे" — इथून सुरुवात. मग यांचं. मग शिडी. बल्ब पुसून कापडात गुंडाळून ठेवलाय. सूनबाईने विचारलं, "आई, उद्या लवकर उठवू?" मी माझा गजर लावून घेतला.

२८ डिसेंबर

साहेबांना खांबामागे गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. बिचारे सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आजी, वयाचा असा काही नियम आमच्याकडे नाहीच. पट्टा लावा आणि खुशाल चढा."

खालचा डबा! तिला तेव्हाच कळलं होतं. महिनाभर अख्ख्या गल्लीची बोलणी खाल्ली, पण माझी अंधारी कोणाला कळू दिली नाही.

संध्याकाळी भोंगा माइकवरून ओरडत होता — "आजी, चढा! बघतो कोण अडवतं!" सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. मी सगळ्यांना हात करून गप्प केलं आणि बल्ब सूनबाईच्या हातात दिला. मोठ्याने म्हटलं, "कंपनीचा नियम आहे. साहेबांनी मला स्वतः सांगितलं. कोणी तिला एक शब्द बोलायचा नाही!" आणि मग फक्त तिला — "वर तुझ्या सासऱ्यांची चिकटपट्टी आहे. बघून ये."

शिडी मी धरली.