ताईच्या गाडीचं किरकोळ काम

३ फेब्रुवारी, शनिवार
बदली झाली तेव्हा ताई तिची मोटरसायकल माझ्याकडे ठेवून गेली. तिला सरप्राईज द्यायचं ठरवलंय. इंजिनात नवे कॅम आणि लिफ्टर बसवायचे. कॅम फिरतो, लिफ्टर वर उचलतो, वाल्व्ह उघडतो, गाडी पळते. एवढंच तर आहे. व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस चहा पीत पीत हे काम करतो. मी चहासुद्धा घेणार नाही.

४ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
इंजिनाचं साइड कव्हर उघडलं. आधी ऑइल काढायचं असतं. हे व्हिडिओत होतं, पण मी तो भाग नंतर पाहिला. पार्किंगच्या फरशीला आता छान चमक आली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत वेगळं पडलं.

दुपार
जुने कॅम निघाले. नवे कसे बसवायचे ते कळावं म्हणून कॅमच्या गिअरच्या सगळ्या दातांवर स्केचपेनने खुणा केल्या. पद्धतशीर काम. मग सगळं रॉकेलने स्वच्छ धुतलं.

संध्याकाळ
खुणा दिसत नाहीत. स्वच्छता मात्र उत्तम.

६ फेब्रुवारी, मंगळवार
लिफ्टर ऑइलमध्ये भिजत ठेवलेत. ही म्हणाली, ते दुधाचं पातेलं आहे. मी म्हटलं, होतं. आमचं बोलणं तिथे थांबलं. अजून सुरू झालेलं नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार
मेकॅनिकला फोन केला. मदतीसाठी नव्हे, एका टेक्निकल मुद्द्यावर चर्चा करावी म्हणून. मुद्दा ऐकून घेण्याआधीच म्हणाला, आता हात लावू नका, जशी आहे तशी घेऊन या. एकेकाला कॉम्पिटिशन सहन होत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
ताईचा फोन. पुढच्या शनिवारी येतेय. सोमवारी इथल्या हॉस्पिटलात गुडघ्याचं ऑपरेशन. त्यानंतर मोटरसायकल विसरा, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून आधी एकदा तळ्यापर्यंत जाऊन यायचंय तिला. एकटीने.
"चालू आहे ना रे ती?"
मी म्हटलं, एकदम टकाटक. तेव्हा अर्धं इंजिन माझ्यासमोर पातेल्यात होतं. पण आठवडा हातात आहे, तेव्हा हे खोटं नाही, फक्त थोडं आधी बोललेलं आहे.
मला गाडी शिकवली ती ताईनेच. मागे बसून. मी कुंपणात घातली तेव्हासुद्धा ओरडली नव्हती. आधी माझा चष्मा शोधला, मग स्वतःची चप्पल.

११ फेब्रुवारी, रविवार
कॅम बसवले. दाताला दात नेमका जुळायला हवा, यावर व्हिडिओत फार वेळ घालवलाय. प्रत्यक्षात कुठलाही दात कुठल्याही दाताशी जुळतो. त्या माणसाला कमेंट लिहून कळवलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
किक अर्ध्यावर अडकली. नवे पार्ट घट्ट असणारच. सगळा भार टाकून पाय मारला. आतून 'टक्' असा आवाज आला आणि तेव्हापासून किक लोण्यासारखी मऊ फिरते. ताईच्या गुडघ्याला काडीचाही त्रास होणार नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
गाडी सुरू होत नाही, एवढं सोडलं तर काम पूर्ण झालंय. प्लग बदलला. पेट्रोल बदललं. शर्ट बदलला. हवेत गारवा आहे, त्याचाही परिणाम असेल.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या ताईला सगळं नीट समजावून सांगायचं. तीन मुद्दे काढलेत. तिन्हींत पेट्रोलची भेसळ आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार
ताई काठी टेकत आली. बॅग माझ्या हातात दिली आणि थेट पार्किंगमध्ये गेली. टाकीवरून हात फिरवला. किक पायाने मारण्याआधी हाताने दाबून पाहिली. हातानेच फिरली.
"वाल्व्ह वाकवलेस," म्हणाली. ओरडली नाही. पायरीवर बसली.
मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात अगदी नक्की होईल.
ताई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मला काय उपयोग रे तिचा?"
मुद्दे खिशातच राहिले. हिने ताईला पाणी आणून दिलं. मला दिलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
गाडी मेकॅनिककडे न्यायला टेम्पो बोलावला. गाडी मागे उभी करून दोराने घट्ट बांधली. ताई म्हणाली, मी पण येते. पुढे नाही, मागे. गाडीवर. टेम्पोवाला म्हणाला, मावशी, असं चालत नाही. ताईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानेच तिला हात देऊन वर चढवलं आणि आणखी एक दोर बांधला.
मी तिच्या पायाशी, जुन्या पार्टचं पातेलं मांडीवर घेऊन.
ताईने टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं, तळ्यावरून घ्या. ते उलट्या दिशेला आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. कोणी ऐकलं नाही.
वळण आलं की ताई वळणाच्या बाजूला झुकायची. गतिरोधक आला की क्लच दाबायची. तळ्याशी रस्ता मोकळा होता, टेम्पो सुसाट सुटला. तिचे डोळे मिटलेले होते. राग गेला का, असं मी विचारलं, पण वारा फार होता.
गॅरेजसमोर उतरल्यावर म्हणाली, "पिकअप मस्त आहे हं!"
मी थँक्यू म्हटलं.
ती टेम्पोवाल्याशी बोलत होती.