गल्लीभर डॉक्टर आणि आमची एक जीप

चि. बाळ्यास (पाटीवर डॉक्टर असलास तरी मला बाळ्याच) आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझी आणि सूनबाईंची तब्येत ठीक असेलच. नसली तरी तुम्हाला औषधासाठी जिनाही उतरावा लागत नाही. मी बरी आहे. सुईत दोरा ओवताना सुया दोन दिसतात, एवढंच. (परवा मास्तरांच्या सदऱ्याला खिसा आतून लागला. सभ्य गृहस्थ, गळ्यातून हात घालून खडू काढतात.)

तेच दाखवायला मी न कळवता तुझ्या गल्लीत आले, तर दाराला कुलूप. तुम्ही दोघं सहलीला. म्हटलं, आलेच आहे तर बघू. अरे, केवढे ते डॉक्टर! दातांच्या वर हाडांचे, हाडांच्या वर नाकाकानाचे. इकडे अख्ख्या गावाचे कपडे मी एकटी शिवते, आणि तिथे बाही एकाकडे, कॉलर दुसऱ्याकडे! चुकून शिरले ती नाकाकानाच्या डॉक्टरांकडे. बाहेरच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या. मला पाहून ते असे लगबगीने उठले की त्यांचं मन मोडवेना. नाक ठणठणीत होतं, तरी तपासू दिलं.

तेवढ्यात मी विचारलं, "इथे माश्या मारत बसण्यापेक्षा आमच्याकडे का येत नाही? आमच्याकडे डॉक्टर आहेत ते फक्त गुरांचे."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, मुलांच्या शाळेचं काय? बायकोची नोकरी? आणि अवघड पेशंट आला तर एकट्याने विचारू कुणाला?"

भांडायला कंबर कसली होती, पण शेवटचा प्रश्न ऐकून पिशवी उचलली आणि बस धरली. बसमध्ये तेच डोक्यात. दुकानं गिऱ्हाईक असेल तिथे लागतात हे कळतं. पण दुखणं काय गाव बघून येतं? (तुम्हाला शिकवताना हे कुणी सांगतं का? टोमणा नाही, खरंच विचारते.)

घरी पोचते तर शेजारणीची मुलगी तापाने फणफणलेली, आणि शेजारीण तिला घेऊन गुरांच्या डॉक्टरांच्या दारात. ते म्हणाले, "वहिनी, मी माणसाला सुई टोचली तर मलाच आत टाकतील. जीपमध्ये बसा." जीपमध्ये आधीच पाय मोडलेली एक शेळी. मी मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, शेळीने माझा पदर खाल्ला, आणि आम्ही नदीपलीकडचा दवाखाना गाठला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता पोरगी अंगणात उड्या मारते. शेळीचंही बरं चाललंय.

सूनबाईंचा ब्लाउज तयार आहे. दोन्ही बाह्या आहेत, एवढं हाताने चाचपून पाहिलंय.

तुझी,
आत्या

ता. क. गावातल्या बंद पडलेल्या जुन्या दवाखान्याची खोली झाडून घेतली आहे. कायमचा ये म्हणत नाही. दर गुरुवारी येत जा.

ता. क. दुसरा : तू येतोस असं गावात सांगून टाकलंय. अडलं तर विचारायला तुझी गल्ली आहेच. पाण्याच्या टाकीवर चढलं की फोन लागतो. (मला चढवत नाही, म्हणून हे पत्र कंडक्टरबरोबर.)

ता. क. तिसरा : खरं तर हेच आधी लिहायचं होतं, धीर होईना. गुरांच्या डॉक्टरांना चार पावलं चाललं की छातीत कळ येते. कुणाला सांगत नाहीत. सगळ्यांना तेच नेतात रे, त्यांना कोण नेणार? जीप दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. गुरुवारचं राहू दे. कंडक्टरला थांबायला सांगितलंय, त्याच बसने ये.